नेमके शब्द सांगा, बाई

६ जानेवारी २०२५, सोमवार

डॉक्टर म्हणाले, गोळी चुकवू नका, मीठ कमी करा, आणि राग आला की कधी आला, कशावरून आला ते एका वहीत लिहा. महिन्यानं मला दाखवा. डॉक्टर वयानं माझ्या वकिलीच्या सनदेपेक्षा लहान. सावंगीहून बोरगावला घरी येईपर्यंत मी त्याच्यावरच चिडलेलो होतो, म्हणून पहिली नोंद त्याचीच.

बीपी १७०/१०४.

प्रमिलानं वरणात मीठ टाकलंच नाही. वाटी सरकवून दिली, दोन शब्द बोललो. ती काही बोलली नाही. हल्ली ती काहीच बोलत नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात बाईमाणूस शांत होत जातं. बरंच आहे.

९ जानेवारी

आष्टीचा पक्षकार आला. मुकेश. तिथल्या आठवडी बाजाराचा ठेकेदार, चाळिशीचा, खुर्चीवर पाय वर घेऊन बसणारा. ऑगस्टमध्ये बाजाराच्या दिवशी एका भाजीवाल्या बाईशी त्याचं वाजलं. हापशीजवळची तिची जागा त्याला मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला द्यायची होती. बाई उठेना. यानं टोपली उचलून बाजूला "ठेवली". बाई बोलली, हाही बोलला. बाई तडक पोलीस ठाण्यात.

"काय बोललास?" मी विचारलं.

"आता साहेब, बाजारात जे बोलते तेच. आपल्या इकडं कोन नाई बोलत?"

पक्षकार काय बोलला हे मला कळलं तरी चालतं. कोर्टाला कळता कामा नये. एफआयआर पाहिली आणि आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. हवालदारानं नेहमीसारखंच लिहिलंय : "अश्लील व अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली." संपलं. एकही शब्द नाही.

वर्ध्याच्या बारमध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, मला "दोनशे चौऱ्याण्णव" म्हणतात. सार्वजनिक जागी अश्लील बोलणं, गाणं, हावभाव, यांचं ते जुनं कलम. आर्वी, हिंगणघाट, कारंजा, आष्टी, जिल्ह्यात कोणी कोणाला चारचौघांत घाण शिवी दिली आणि प्रकरण कोर्टात गेलं, की शिवी देणारा अॅड. योगेंद्र गुल्हाने यांच्याकडे येतो. मागच्या वर्षी नवा कायदा आला, कलम २९६ झालं. बारमध्ये सगळे दात काढत होते, "गुल्हाने, तुमचा नंबर बदलला." काढा दात. सत्तावीस वर्षांत या कलमाखाली माझी किती माणसं आत गेली ते सांगा. तीन.

१५ जानेवारी

रक्षावर चिडलो. रक्षा उमाटे, माझी ज्युनियर, दोन वर्षं झाली. हुशार आहे, पण प्रश्न फार.

"सर, मुकेश खरंच तसं बोलला असेल तर?"

तिला सगळं पुन्हा समजावलं. वरच्या कोर्टांचे निकाल आहेत. नेमके शब्द रेकॉर्डवर आले नाहीत, तर ते अश्लील होते की नुसते उर्मट, हे कोर्टानं ठरवायचं कशावरून? म्हणून उलटतपासणीत माझा एकच प्रश्न असतो : "नेमके शब्द सांगा, बाई." बाई सांगत नाही. "लय घाण बोलला," एवढंच म्हणते. मग मी म्हणतो, म्हणजे तुम्हाला आठवत नाहीत. एखादी धीट निघाली आणि अर्धामुर्धा शब्द उच्चारलाच, तर दुसरा प्रश्न : "याचा अर्थ काय?" तिथे सगळ्या संपतात.

माझी पहिली केस सांगितली तिला. अठ्ठ्याण्णव साल, हिंगणघाटकडच्या एक शिक्षिका, सुलोचनाबाई. बोलता येईना, म्हणून मी म्हटलं, चिठ्ठीवर लिहा. लिहिलं. मी चिठ्ठी परत त्यांच्याच हातात दिली आणि म्हटलं, आता मोठ्यानं वाचा. बाई पिंजऱ्यातून उतरून सरळ बाहेर गेल्या. त्या दिवशी माझं नाव झालं.

"मग पुढे काय झालं?" रक्षानं विचारलं.

"निर्दोष सुटला."

"बाईंचं, सर."

मला काय ठाऊक बाईंचं काय झालं! मी काय त्यांचा वकील होतो?

२८ जानेवारी

आष्टी. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या वर, तळेगावपर्यंत ट्रकांच्या मागे. गाडी मीच चालवली, रक्षा शेजारी. एका ट्रकवाल्यानं साइड दिली नाही, त्याला काच खाली करून सुनावलं. रक्षा बाहेर बघत होती.

फिर्यादी बाई : भागीरथा चंद्रभान नेहारे, वय एकसष्ट, धंदा भाजीपाला. हिरवं लुगडं, कोपरापर्यंत गोंदण. सरकारी वकिलानं विचारलं, काय झालं? "मुकेशनं मले लय घाण शिव्या देल्ल्या जी." कशा? "आता कशा म्हंजे... घाण." मागच्या बाकावर तिचा जावई गोपाल बसला होता, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली. मी मनात म्हटलं, झालं काम. सरकारी वकिलाची सरतपासणी संपेपर्यंत कोर्टाची वेळ संपली. माझी उलटतपासणी १८ फेब्रुवारीला.

बाहेर टपरीवर चहा घेत होतो तर बाई तिथेच, दगडावर बसलेली. म्हटलं, एवढ्या लांब परत यायचं, आजच मिटलं तर बरं. सरळ सांगितलं, "बाई, पुढच्या तारखेला मी तुम्हाला सोडणार नाही. एकेक शब्द बोलायला लावीन, अर्थ विचारीन, भर कोर्टात, जावयासमोर. झेपत नसेल तर आपसात मिटवा, अर्ज मी लिहून देतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "सगळे शब्द सांगा लागते का जी?"

"सगळे. जसेच्या तसे. एक जरी चुकला तरी केस गेली समजा."

"अन् सांगतले त?"

वकिलाला असं उलट विचारायची पद्धत आहे का? डोकं सणकलं. जरा सुनावलं. रागात एखादा शब्द इकडचा तिकडे गेला असेल. बाई उठली, लुगडं झटकलं आणि गेली. घाबरली असावी.

रक्षानं चहा तसाच ठेवला. आजकालच्या पोरींना साखर चालत नाही.

१० फेब्रुवारी

डॉक्टरांकडे जायची तारीख होती. गेलो नाही. ही वही काय त्या पोराला वाचायला देऊ?

१८ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं. पण झोपण्याआधी कुठेतरी काढलं नाही तर डोक्याची शीर तुटेल.

बाई पिंजऱ्यात उभी राहिली. मी उठलो. घाई केली नाही. कोट नीट केला आणि विचारलं, "मुकेश नेमकं काय बोलला? नेमके शब्द सांगा, बाई."

"सांगतो."

"काय?"

"सांगतो म्हनलं जी. पाच शिव्या देल्ल्या. पयली टोपली उचलतानी."

आणि सांगितली. मग दुसरी. तिसरी. कुजबुजत नाही, अडखळत नाही. बाजारात या टोकापासून त्या टोकापर्यंत सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकणारा आवाज तो. व्हरांड्यातली माणसं दाराशी आली. मुकेश कोणत्या शिवीला कुठे उभा होता, पाय कशावर होता, शेजारी कोणाचं दुकान होतं, सगळं. टाइप करणाऱ्या पोरीचे हात थांबले. तिनं वर पाहिलं, "मॅडम, हे... हे टाइप करू?"

मॅडम, म्हणजे तिथल्या न्यायाधीश, तिशीच्या आतल्या असतील. म्हणाल्या, "साक्षीदार सांगतील तसं. एक अक्षर बदलायचं नाही."

ते शब्द मी इथे लिहीत नाही. वही प्रमिलाच्या हाती लागेल म्हणून नाही. हात जात नाही, एवढंच.

मी दुसरा प्रश्न टाकला. तिथे तरी अडेल. "पहिल्या शब्दाचा अर्थ काय?"

"तुमाले ठावूक नाई का जी?"

मागे लोक हसले. मॅडमनी लोकांकडे पाहिलं, हसू थांबलं. बाई म्हणाली, "तरी सांगतो. पयल्या दोन माया मायवर हायेत. माय मरून वीस वर्सं झाली, तिनं मुकेशले पायलं बी नाई. तिसरी पोरीवर हाये. ते तिकडं पुलगावले नांदते, तिले ठावूक बी नाई का आपल्यावर भर बाजारात असं बोलनं झालं. चौथी न् पाचवी माया आंगावर. भांडन जागेचं होतं साहेब. त्या पाचात जागेचा एक शब्द बी नव्हता."

मी अर्ज केला, तोंडीच : साक्ष बंद खोलीत घ्यावी, ही भाषा सभ्य माणसांच्या कानावर पडणं योग्य नाही. हा अर्ज नेहमी समोरची बाजू करते आणि विरोध मी करतो.

मॅडम म्हणाल्या, "प्रश्न तुमचाच होता ना, गुल्हाने साहेब? उत्तर येऊ द्या."

तेव्हा मी ती चूक केली. प्रत्येक ज्युनियरला पहिल्या दिवशी सांगतो की ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, तो उलटतपासणीत विचारायचा नाही. मी विचारला. टेबलावर हात आपटून विचारला, "हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तुमीच."

"काय?"

"तुमीच त सांगतलं जी. मांगच्या तारखेले, चायच्या टपरीवर. सगळे शब्द सांगा लागते, एक चुकला त केस गेली. मंग म्या रोज पाठ केले. भाजी निसता निसता. मले लिवता येत नाई, म्हनून तोंडानंच." मग माझ्याकडे बोट केलं. "अन् जाता जाता तुमी बी एक शिवी देल्ली मले. पाच त्याच्या, सहावी तुमची. ते बी सांगू का?"

मी हरकत घेतली. काय हरकत घेतली ते आठवत नाही.

मॅडम म्हणाल्या, "सांगा."

सांगितली. टाइप झाली.

साक्ष वाचून दाखवताना बाईनं कोर्टाला थांबवलं. "चौथीत 'तुह्या' नाई जी. 'तुमच्या' म्हनलं होतं त्यानं. तेवढा वयाचा मान ठेवला." दुरुस्ती झाली. बाईनं अंगठा दिला.

साक्ष अर्धवट असताना साक्षीदाराशी बोलल्याबद्दल माझं म्हणणं ११ मार्चपर्यंत लेखी मागितलं आहे. माझं! त्या खुर्चीत बसणाऱ्या मॅडम शाळेतही जात नव्हत्या तेव्हापासून मी कोर्टात उभा राहतो.

परतताना रक्षा मागच्या सीटवर बसली.

१९ फेब्रुवारी

खोटं आहे. साफ खोटं. मी तसला शब्द तोंडातून काढत नाही. घरात नाही, दारात नाही.

१८२/११०.

२१ फेब्रुवारी

उपाय साधा होता. टपरीवर आमच्याजवळ तिसरं माणूस एकच, रक्षा. तिच्या नावानं प्रतिज्ञापत्र तयार केलं : "मी त्या वेळी हजर होते. वकीलसाहेब व साक्षीदार यांच्यात कोणतेही बोलणे झाले नाही." चार ओळी. सही करायला एक मिनिट.

तिनं उभ्यानंच वाचलं. "सर, मी तिथे होते."

"म्हणून तर तुझ्या नावाचं केलं."

"मी तिथे होते, सर."

तेच वाक्य दोनदा! म्हटलं, दोन वर्षं कोणाच्या टेबलावर शिकलीस? कोर्टात उभं कसं राहायचं ते कोणी दाखवलं? ती म्हणाली, "तुम्हीच. त्याच्यासाठी तुमचे उपकार आहेत. पण मी हे लिहून देणार नाही. आणि सर, त्या दिवशी तुम्ही त्या बाईंना जे बोललात ना, ते माझ्या आजीच्या वयाच्या बाईला बोललात."

त्यावर मी जे बोललो ते बोललो. शेजारच्या ऑफिसातली दोन माणसं येऊन उभी राहिली. रक्षानं गाऊन उचलला, स्वतःची पाण्याची बाटली उचलली. ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली, आपटली नाही, ठेवली. त्याचाच जास्त राग आला.

नाटकी पोरगी.

२५ फेब्रुवारी

आर्वीच्या केसची फाइल सापडत नाही. हिंगणघाटचीही. कुठली फाइल कुठे, ते तिलाच ठाऊक. बारमध्ये विचारलं कोणीतरी, रक्षा दिसत नाही? म्हटलं, फाइली हरवायची, काढून टाकली.

२ मार्च, रविवार

प्रमिला गहू निवडत होती. तिला बसून सगळं सांगितलं. आष्टीची बाई, मॅडम, रक्षाचा कृतघ्नपणा. म्हटलं, तू सांग, त्या बाईनं भर कोर्टात माझ्या तोंडी असा शब्द घातला, जो मी आयुष्यात उच्चारला नाही.

"कोन्ता शब्द?"

"सांगण्यासारखा नाही."

ती गहू निवडत राहिली. खडा काढला, बाजूला टाकला. मग तिनं तो शब्द उच्चारला. भाजीचा भाव सांगावा तसा, मान वर न करता. तोच शब्द. पहिल्याच फटक्यात.

"तुला कसा कळला? रक्षाचा फोन आला होता?"

"मले कायले कोनी फोन करन," म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

रक्षानंच सांगितलं असणार. बायका आतून एक असतात. उद्या प्रमिलाचा फोन तपासतो.

३ मार्च

तपासला. रक्षाचा फोन नाही. कोणाचाच नाही. पूर्ण महिन्यात तिच्या माहेरचे चार आणि गॅसवाल्याचा एक.

७ मार्च

आज ऑटोवाल्यानं कट मारला. माझ्या तोंडून शब्द गेला. मग दुपारी एसटी स्टँडपाशी पुन्हा. संध्याकाळी बँकेत कॅशियरला, पण मनातल्या मनात. मोजले नाहीत. मोजायचं ठरवलं नव्हतं.

१० मार्च

रक्षा नाही तर नाही. माझंच प्रतिज्ञापत्र केलं : असं बोलणं झालं नाही, असा शब्द मी वापरला नाही. नोटरी बाबारावांकडे गेलो. सत्तरीचे, वीस वर्षांची ओळख.

"वाचलं ना जी?"

"मीच लिहिलंय, बाबाराव."

"ते ठीक हाये, पन इचारा लागते. यातला मजकूर खरा हाये?"

ते सगळ्यांनाच विचारतात. शिक्का हातात धरून, चष्म्यावरून बघत. मी उगाच चिडलो, म्हटलं, तुम्हालाही शंका आहे का? बाबाराव म्हणाले, "मी कायले शंका घेऊ? तुमी हो म्हना, मी ठोकतो."

हो म्हटलं. ठोकला.

११ मार्च

प्रतिज्ञापत्र दिलं नाही.

मॅडमनी विचारलं, "तुमचं म्हणणं?" कागद फाइलमध्ये सगळ्यात वर होता. तिसऱ्या बाकावर भागीरथाबाई बसली होती. माझ्याकडे बघतही नव्हती. तळपायात काटा गेला होता, पाय मांडीवर घेऊन नखानं तो काढत होती, जावई मोबाइलचा उजेड धरून होता. जगात त्या काट्याशिवाय काही नसल्यासारखं. तिनं माझ्याकडे पाहिलं असतं, तर मी प्रतिज्ञापत्र दिलं असतं. शपथेवर सांगतो, दिलं असतं.

मी म्हटलं, "साक्षीदारानं सांगितलं ते बरोबर आहे."

"टपरीवरचं बोलणं?"

"हो."

"आणि तो शब्द?"

"तोही."

का म्हटलं, ठाऊक नाही. आता लिहितानाही ठाऊक नाही. मॅडमनी नोंद घेतली, म्हणाल्या, वकील परिषदेला कळवावं लागेल. मी वकीलपत्र मागे घेतलं.

व्हरांड्यात मुकेशनं गाठलं. कॉलर धरली नाही, पण तेवढ्या जवळ आला. पाचच्या पाच दिल्या. त्याच्याकडे तेवढ्याच असाव्यात. पहिल्या दोन आईवर. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात ती माझा हात धरून, "योगू, जेवला का?" एवढंच विचारायची. चाळीस-पन्नास माणसं होती. कोणी हललं नाही. शिवीनं आजूबाजूच्या लोकांना त्रास झाला हे सिद्ध करा, असं मी सत्तावीस वर्षं कोर्टाला सांगत आलो. कोणाला झालेला दिसला नाही.

सरकारी वकील धावत आला. "साहेब, तक्रार देता का? मी साक्षीला आहे."

नको म्हटलं.

घरी आलो तर प्रमिलानं विचारलं, काय झालं? चेहरा असा काऊन?

"मुकेशनं शिव्या दिल्या."

"काय म्हनला?"

"घाण," म्हटलं. "लय घाण."

तिनं पाण्याचा तांब्या ठेवला. थोडा वेळ समोर बसली. बऱ्याच दिवसांनी बसली.

२१ मार्च

वर्ध्याच्या कोर्टात आज दुसऱ्याच एका केसमध्ये, दुसऱ्याच वकिलानं माझाच प्रश्न विचारला. बाई म्हणाली, "आष्टीवाल्या बाईनं सांगतले, त मी बी सांगतो." सांगितले. वकील माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच सगळ्यांना शिकवणी लावली.

मी बाहेर निघून आलो. राग त्या बाईचा येत होता की त्या वकिलाचा, नीट कळलं नाही.

४ एप्रिल

निकाल लागला. फोनवर कळलं. मुकेश दोषी. शिक्षा : कोर्ट उठेपर्यंत कैद आणि हजार रुपये दंड. हजार रुपये! त्यासाठी बाईनं तीन आठवडे भाजी निसता निसता ते पाच शब्द पाठ केले? रोज? मायच्या नावाचे, पोरीच्या नावाचे, पुन्हा पुन्हा, चुकू नयेत म्हणून? आणि पाठ करायला मी सांगितलं.

संतापानं जेवण गेलं नाही. पानावरून उठलो. प्रमिलाला काही बोललो नाही.

९ एप्रिल

रक्षानं जुन्या कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली टेबल टाकलंय. एक टेबल, दोन खुर्च्या, समोर पक्षकारांसाठी एक बाक. तिला कुठल्याशा अर्जासाठी माझ्याकडच्या दोन वर्षांचं पत्र हवं होतं. दुसऱ्याकडून निरोप पाठवला होता. मी पत्र घरीच लिहून नेलं : "कु. रक्षा हिने माझ्या कार्यालयात दोन वर्षे मदतनीस म्हणून काम केले. वर्तन चांगले."

तिनं वाचलं आणि परत दिलं. "सर, 'मदतनीस' नको. मी केस चालवल्या आहेत. आणि वर्तनाचं काढा."

बाकावर दोन बायका बसलेल्या, माझ्याकडे बघत. रक्त डोक्यात चढलं. तो शब्द अगदी दातांपर्यंत आला, त्याची चव आली तोंडात. गिळला. बाकाच्या टोकाला बसलो, तिचंच पेन मागितलं, तिचाच कागद. लिहिलं : "अॅड. रक्षा उमाटे यांनी माझ्यासोबत दोन वर्षे वकिली केली. त्यांनी स्वतंत्रपणे केसेस चालवल्या."

"आणखी काही?" मी विचारलं. आवाज चढलाच.

तिनं वाकून कागद वाचला. मग म्हणाली, "सर, बारमध्ये लोक मला विचारतात, तू फाइली हरवत होतीस का? काल एक पक्षकार त्याच्यावरूनच परत गेला. मी तुमचं काम का सोडलं, ते लिहा."

"ते पत्रात कोण लिहितं?"

"कोणी नाही लिहीत."

बाकावरची म्हातारी म्हणाली, "लिवा ना साहेब, पोरगी म्हंते त." तिला काय ठाऊक काय लिहायचं आहे! मी तिच्याकडे रागानं पाहिलं. तीही माझ्याकडे पाहत राहिली, नजर हलवली नाही.

कागद मांडीवर होता. त्याच्याखाली फाइल धरायला हवी होती, पेन कागदातून आरपार जात होतं. रक्षानं न बोलता एक फाइल पुढे केली. मी लिहिलं : "मी त्यांना कोर्टात देण्यासाठी खोटे प्रतिज्ञापत्र करण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला. त्यावरून मी त्यांना अपमानास्पद बोललो. या कारणाने त्यांनी माझे कार्यालय सोडले. त्यांच्या हातून एकही फाइल हरवलेली नाही."

तिनं उभ्यानंच वाचलं, जशी नेहमी वाचते. पुन्हा एकदा वाचलं. मग कागद माझ्यासमोर धरला, बोट खालच्या कोपऱ्यावर.

"सही राहिली, सर."

केली.